तुझे हात गार की गरम? रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशच्या सहा बाटल्या

घरी नखं रंगवणारी कुणी मला विचारते, रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशमधलं आधी कोणतं घेऊ, तेव्हा मी तिलाच विचारते: तुझे हात गार असतात की गरम? बाटलीवरचं चित्र, रंगाचं नाव, चमक हे सगळं नंतर. थर्मल नेलपॉलिश चालतं ते बोटांच्या तापमानावर, आणि ते प्रत्येकीचं वेगळं असतं. एकाच बाटलीने एक खूश होते आणि दुसरी म्हणते फसवलं.

मी शिवणकाम करते. दिवसभर हात मशीनच्या दिव्याखाली असतात, त्यामुळे नखांवर काय चाललंय ते सतत डोळ्यांसमोर राहतं. सध्या वापरात असलेला संच सहा बाटल्यांचा आहे. चार थर्मल, म्हणजे उष्णतेने बदलणाऱ्या: जांभळा ते गुलाबी, गर्द निळा ते आकाशी, हिरवा ते पिवळा, आणि काळपट करडा ते जवळजवळ पारदर्शक. पाचवी सोलर, उन्हात रंग धरणारी. सहावीवरही ‘रंग बदलणारी’ असंच छापलंय, पण तिचं प्रकरण निराळं आहे, ते शेवटी.

थर्मलपासून सुरुवात करते, कारण संचाचा जीव त्या चारांत आहे. या नेलपॉलिशमध्ये नेहमीच्या रंगासोबत डोळ्यांना न दिसणाऱ्या, काही मायक्रॉन आकाराच्या बंद कुप्या असतात. कुपीच्या आत तीन पदार्थ: एक रंग, ज्याला ल्युको डाय म्हणतात, त्याला रंग धरायला लावणारं एक सौम्य आम्ल, आणि मेणासारखं एक द्रावक. गार असताना मेण घट्ट असतं, रंग आणि आम्ल एकमेकांना धरून असतात आणि रंग दिसतो. ऊब लागली की मेण वितळतं, त्या दोघांची ताटातूट होते आणि रंग नाहीसा होतो. पुन्हा गार झालं की पुन्हा जोडी जमते. जांभळ्या बाटलीत गुलाबी हा साधा, कायमचा रंग आहे, निळा तेवढा कुप्यांमधला. गार नखावर दोन्ही मिळून जांभळा, उबदार नखावर निळा गेला की उरतो गुलाबी.

हे कळलं की बाटली पारखणं फार सोपं जातं. उष्णता इथे रंग काढून घेते, घालत नाही. त्यामुळे गार असतानाच्या रंगात गरम असतानाचा रंग मिसळलेला असतोच. हिरव्याचा पिवळा होईल, पिवळ्याचा गर्द निळा होणार नाही. दोन रंग एकमेकांपासून जितके लांब तितका बदल उठून दिसतो. या कसोटीवर गर्द निळा ते आकाशी ही बाटली मागे पडते. बदल होतो, पण समोरच्याला सांगावं लागतं, ‘बघ, बदलला.’ जांभळा ते गुलाबी खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो.

आता हातांची गोष्ट. खोक्यावर बदलाचं तापमान ३१ अंश सेल्सिअस छापलंय. त्वचेच्या उबेवर बदलणाऱ्या रंगद्रव्यांमध्ये हा आकडा बराच दिसतो. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या जवळपास टिकून असतं, पण बोटांच्या टोकांना तसा नेम नाही. गारठ्यात, पंख्याखाली, एका जागी बसून राहिलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं ३१ च्या बरीच खाली जातात. ज्यांचे हात मुळात गरम, त्यांची बोटं बहुतेक वेळ ३१ च्या वरच राहतात.

माझे हात गार, ताईचे गरम. दोघींनी शेजारी बसून एकाच बाटलीतून नखं रंगवली. माझी जांभळी, तिची गुलाबी. ताई म्हणाली, ‘अगं, माझ्या नखांवर जांभळा उतरतच नाहीये. बाटली नीट हलवली होतीस ना?’ तिच्या हातात गार पाण्याचा पेला दिला, तशी पेल्याला टेकलेल्या बोटांची नखं एकेक करून जांभळी झाली. पेला ठेवला आणि बघता बघता पुन्हा गुलाबी. तिच्यासाठी ही बाटली दिवसभर गुलाबी नेलपॉलिश आहे आणि जांभळा हा पाहुणा. माझ्यासाठी उलट. मधल्या तापमानाच्या हातांना सगळ्यात जास्त मौज मिळते, कारण त्यांची बोटं ३१ च्या रेषेवर खालीवर करत राहतात.

म्हणून विकत घेताना बदलाचं तापमान छापलंय का ते बघाच. गार हातांना थोडं कमी तापमानाचं बरं, गरम हातांना थोडं जास्त. आकडा कुठेच नसेल तर बाटली मुठीत घट्ट धरून ठेवा आणि मग मूठ उघडून बघा. काचेला जिथे बोटं टेकली होती तिथले पट्टे फिके झाले असतील तर तुमच्या हातावर ती बाटली काम करेल. मुठीत धरूनही रंग हलत नसेल तर नखावर त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

माझ्या कामात रंग बदलतो तो इस्त्रीपाशी. शिवण दाबून इस्त्री करताना वाफ बोटांना लागते आणि दोन्ही हातांची नखं गुलाबी होतात. मशीनवर येऊन बसलं की रंग लगेच परतत नाही, थोडा वेळ रेंगाळतो. याला कारण आहे. रंग जातो एका तापमानाला आणि परततो त्याहून काही अंश खालच्या तापमानाला. शिवणाऱ्यांना याच रसायनाचं दुसरं रूप ठाऊक असतं: पायलट कंपनीची फ्रिक्सियन पेनं. त्यांनी कापडावर केलेली खूण इस्त्री फिरवली की दिसेनाशी होते, कारण ती शाई साधारण ६० अंशांच्या वर रंग सोडते. पण गोठवणाऱ्या थंडीत, शून्याखाली दहा अंशांच्या सुमारास, तीच खूण परत उमटते. शाईत जाण्याचं आणि परतण्याचं तापमान मुद्दाम एवढं लांब ठेवलेलं असतं, नखांच्या रंगात ते जवळ आणलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या संचात बदल आळशी वाटला तर बाटली बिघडलीय असं लगेच समजू नका. हात थोडे जास्त गार करून बघा.

नखांची लांबी हा या खरेदीतला दुसरा मोठा मुद्दा. नखाचा जो भाग बोटाला चिकटलेला असतो त्याच्याखाली रक्त फिरतं, म्हणून तो उबदार. पुढे वाढलेल्या टोकाखाली फक्त हवा, म्हणून ते गार. ताईची नखं लांब आहेत. तिच्या नखांवर आतला भाग गुलाबी आणि टोकं जांभळी अशी आपोआप फ्रेंच नखं तयार होतात. हाताने काढलेल्या फ्रेंच रेषेपेक्षा ही मला कितीतरी सुंदर वाटते, कारण ती पट्टीने आखल्यासारखी नसते. नख बोटापासून सुटतं तिथल्या वळणाने ती जाते आणि दोन रंगांच्या मध्ये अगदी बारीक धूसर पट्टा राहतो. माझी नखं कामामुळे आखूड, कापडात धागे अडकतात म्हणून. आखूड नखांवर ही दुरंगी मजा मिळत नाही, सगळं नख एकदम बदलतं. आखूड नखं ठेवणाऱ्यांनी जाहिरातीतले लांब नखांचे फोटो बघून हे घेऊ नये.

आखूड नखांसाठी दुसरा रस्ता आहे, आणि या संचावर माझा जीव जडला तो त्यामुळे. थर्मलच्या शेजारी एक न बदलणारा रंग ठेवायचा. धागा कापडाशी जुळतोय की नाही हे रीळ कापडावर ठेवल्याशिवाय कळत नाही, नुसता धागा बघून नाही. बदलाचंही तसंच आहे. पाची नखं एकदम बदलली तर डोळा लगेच सरावतो. मधल्या बोटाला साधा गुलाबी, बाकीच्यांना थर्मल, असं केलं की हात उबदार असताना पाचही एकसारखी दिसतात आणि गार होताच एक वेगळं पडतं.

त्याहून छान म्हणजे लपणारी नक्षी. साधं न बदलणारं असं नेलपॉलिश शोधायचं जे थर्मलच्या गार रंगाशी जुळेल. जांभळ्या थर्मलवर, हात गार असताना, डॉटिंग टूलने त्या साध्या जांभळ्याचे ठिपके द्यायचे. गार असेपर्यंत काही दिसत नाही. हात उबदार झाला की नख गुलाबी होतं आणि ठिपके वर येतात. उलटही करता येतं: साध्या गुलाबीचे ठिपके दिले की ते गारव्यात दिसतात आणि उबेत विरघळून जातात. एकाच नखावर दोन्ही प्रकारचे ठिपके दिले तर एक नक्षी जाते तेव्हा दुसरी येते. रंग जुळवायला वेळ द्यावा लागतो. मी पारदर्शक प्लास्टिकच्या नकली नखावर थर्मलचा नमुना करून ठेवते, तो गार पाण्यात बुडवून पुसते आणि त्याच्या शेजारी माझ्या साध्या बाटल्या एकेक धरून बघते. अगदी तंतोतंत जुळला नाही तरी चालतं, टॉप कोटखाली, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराखाली, उन्नीस-बीसचा फरक मावतो.

करड्याची पारदर्शक होणारी बाटली याच कामासाठी जन्माला आलीय असं मला वाटतं. आधी पांढऱ्या रंगावर स्टॅम्पिंगने, म्हणजे ठसा उमटवून, बारीक नक्षी घ्यायची, ती पूर्ण वाळू द्यायची, मग करड्याचे पातळ हात. गार नखावर नुसता धुरकट करडा. इस्त्री हातात घेतली की त्या धुरातून पानं, जाळी, जे काही असेल ते वर येतं. भाची हे बघून दर काही मिनिटांनी माझी बोटं आपल्या तळव्यात दाबून धरायची. एक अडचण आहे: करडा पूर्ण पारदर्शक होत नाही, दुधाळ झाक राहते. म्हणून खालची नक्षी काळी किंवा गडद असली तरच नीट दिसते. फिक्या रंगाची नक्षी त्या दुधाळपणात बुडते.

हिरवा ते पिवळा ही संचातली सगळ्यात कच्ची बाटली. रंग विरळ आहे, ब्रशचे पट्टे राहतात, आणि पिवळा झाल्यावर नख दिसतं ते आजाऱ्यासारखं. खाली पांढऱ्याचा एक हात दिला तर सुधारतो, पण मग थरांची जाडी वाढते आणि लवकर पोपडा निघतो. पिवळ्या-हिरव्या रंगांचा डाग नखावर राहू शकतो, म्हणून या बाटलीखाली बेस कोट, म्हणजे रंगाआधीचा पारदर्शक थर, टाळूच नका. खरं तर कुठल्याच बाटलीखाली टाळू नका.

लावण्याची रीत साध्या नेलपॉलिशपेक्षा थोडी निराळी. कुप्या तळाशी बसतात, म्हणून बाटली दोन तळव्यांत धरून सावकाश फिरवायची. जोरजोरात हलवली की बुडबुडे धरतात आणि ते नखावर येतात. फिरवतानाच रंग बदलायला लागतो, तिथेच मन लागतं. हात पातळ द्यायचे, साधारण तीन, आणि प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. एक जाड हात देऊन काम उरकलं तर आतला ओलावा अडकतो, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि रात्री पांघरुणाची वीण नखावर उमटते. वाळल्यावर पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि मॅट लागतो, तो टॉप कोटने गुळगुळीत होतो. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवा. शिवताना अंगठा आणि तर्जनी यांचीच कड आधी झिजते, आणि कड बंद केलेली असली की रंग काही दिवस जास्त टिकतो.

बाटली घट्ट झाली तर तिच्यात रिमूव्हर किंवा ॲसिटोन घालू नका. त्याने नेलपॉलिशची घडण बिघडते आणि कुप्यांनाही इजा होते, मग रंग राहतो पण बदल जातो. नेलपॉलिशचं थिनर वेगळं मिळतं, त्याचे थेंब पुरतात. आणि बाटल्या अंधारात, खोक्यात ठेवा. ल्युको रंगांना ऊन सोसत नाही. ताईचं बाहेर फिरणं जास्त, तिच्या नखांवरचा जांभळा लवकर मंदावला आणि मग पेला धरूनही येईना. माझ्या नखांवर, घरात बसून, तोच थर अजून चांगला चालत होता. अतिनील किरण अडवणारा टॉप कोट मिळतो, थर्मलवर तोच वापरावा.

पण सोलर बाटलीवर तोच टॉप कोट अजिबात नको, आणि हे संचाच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. सोलर नेलपॉलिशला रंग येतो तो अतिनील किरणांनीच. रेणूचा आकार त्या किरणांनी बदलतो आणि तो रंग धरतो, उन्हात काळे होणारे चष्मे याच तत्त्वावर चालतात. किरण वरच अडवले तर खाली काही पोचणारच नाही. संचात एकच टॉप कोट दिला असेल तर तो सोलरवर लावण्याआधी नकली नखावर लावून उन्हात धरून बघा.

सोलर बाटली घरात पांढरट, दुधी, जरा फिकुटली. बाहेर पाऊल टाकलं की क्षणात जांभळी होते. ढगाळ दिवशीही होते, कारण अतिनील किरण ढगांतून बऱ्यापैकी येतात. खिडकीच्या साध्या काचेमागे रंग अर्धवट चढतो, कारण काच या किरणांतले काही अडवते आणि काही सोडते. गाडीच्या पुढच्या काचेमागे जवळजवळ नाहीच, तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पदर असतो आणि तो जवळपास सगळेच अडवतो. गारठ्यात रंग जास्त गडद चढतो आणि सावलीत आल्यावर उशिरा उतरतो. कडक उकाड्यात उलट, चढतो फिका आणि उतरतोही झटकन.

या बाटलीचा मला लागलेला नाद असा: रंगवलेल्या, पूर्ण वाळलेल्या नखाभोवती शिवायच्या जाड धाग्याचे दोन-तीन वेढे घ्यायचे आणि उन्हात उभं राहायचं. सावलीत येऊन धागा सोडला की जांभळ्या नखावर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. लेसचा तुकडा ताणून धरला तर त्याची सगळी जाळी उमटते. थोड्याच वेळात ती विरते आणि नख पुन्हा कोरं होतं, मग दुसरी जाळी घ्या. ब्रश नाही, स्टिकर नाही, पुसापुशी नाही. नखांवर एवढी नाजूक नक्षी मला हाताने कधीच काढता आली नसती. फक्त या एका गोष्टीसाठी मी सोलर बाटली पुन्हा घेईन.

खोक्यावर ‘तुमचा मूड सांगणारी’ असंही छापलंय. ते तेवढ्यापुरतं खरं की ताण आला की बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं गार पडतात. पण बोटं बर्फानेही गार पडतात. १९७५ च्या सुमारास गाजलेल्या मूडच्या अंगठ्याही बोटाचं तापमानच दाखवायच्या, फक्त त्यांत द्रव स्फटिक असायचे. मनाचा ठाव घेण्याची अपेक्षा नेलपॉलिशकडून ठेवू नये. मात्र तुमची बोटं गारठ्यात पांढरी-निळी पडून बधिर होत असतील तर नखांच्या रंगात रमू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि शस्त्रक्रियेआधी किंवा बोटाला ऑक्सिमीटर लावायचा असेल तर नखं कोरी करून जा, गडद रंगाने त्या यंत्राचा आकडा चुकू शकतो.

हाच प्रकार जेलमध्येही मिळतो, दिव्याखाली वाळवायचा. तो जास्त टिकतो आणि रंगही भरदार असतो. तरी घरी करणाऱ्यांना मी साध्या, हवेत वाळणाऱ्या बाटल्याच सुचवते. न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या ॲक्रिलेट नावाच्या रसायनांची ॲलर्जी जडू शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. जेल वाळवण्यासाठी वापरलं जाणारं टीपीओ नावाचं रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. जेल घ्यायचंच असेल तर घटकांची यादी वाचा, दिवा त्याच जेलसाठी सांगितलेला वापरा आणि क्युटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला, रंग लागू देऊ नका.

राहिली सहावी. अभ्रकाच्या बारीक चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवला की प्रकाश परतताना कोनाप्रमाणे निराळा रंग दाखवतो, इथे कधी हिरवट कधी तांबूस. काळ्या रंगावर एक हात दिला तर ती खरोखर देखणी दिसते, पण तिला ऊन, ऊब, तुमचे हात कशाचंच सोयरसुतक नाही, आणि थर्मलच्या संचात तिला घालून विकणं मला पटलेलं नाही. त्या जागी पांढऱ्याची एक साधी बाटली दिली असती तर हिरव्या बाटलीचं भलं झालं असतं.